पावतीचा फोटो

आमच्या ह्यांनी आयुष्यात किती लग्नांचे फोटो काढले ते देवाला ठाऊक. पण त्यातला एकही त्यांना स्वतःला आवडला नाही, हे मला ठाऊक आहे. नवरीला आवडला, नवरीच्या आईला आवडला, व्याह्यांनी मोठा करून बैठकीत लावला, तरी हे आपले म्हणणार, "त्यात माणसं लई हायेत."

"लग्नात माणसं नसतील तर काय म्हशी असतील?" असं मी एकदा म्हणून बसले. पुढचे दोन दिवस घरात फक्त कुकर बोलला.

त्यांचं नाव साहेबराव. नावात साहेबही आहे आणि रावही आहे, स्वभावात दोन्ही नाहीत. गाव फुलंब्रीच्या अलीकडं, तिथली शेती धाकट्या दिरांकडं. शहरात टी.व्ही. सेंटरजवळ आमचा स्टुडिओ आहे, 'रेणुका फोटो'. आता तो आमचा मुलगा शिवम बघतो आणि मी काउंटरला बसते. पासपोर्टच्या फोटोला आलेल्या माणसाला "मान सरळ, कान दिसू द्या, हसू नका" एवढं सांगण्यापुरती फोटोग्राफी मला येते. कलेतलं म्हणाल तर दारातली रांगोळी, तीही ठिपके मोजून. तेव्हा पुढं कलेविषयी काही चुकलं तर ते माझं.

लग्न होऊन मी आले तेव्हा हे दौलताबादला किल्ल्याखाली उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे फोटो काढायचे. फोटो काढायचा, पत्ता लिहून घ्यायचा आणि धुऊन झाला की पोस्टानं पाठवायचा. गिऱ्हाइकाचं मागणं एकच असायचं. मिनार पूर्ण आला पाहिजे आणि आम्हीपण मोठं दिसलो पाहिजे. आता ह्या दोन गोष्टी एका फोटोत कशा बसवायच्या? ह्यांनी त्यावर तोड काढली होती. एका सपाट दगडाला चुन्याचं बोट लावून ठेवलं, गिऱ्हाइकानं त्यावर उभं राहायचं. स्वतःची जागा लिंबाच्या झाडाच्या बुंध्याला पाठ लावून. तो इथं, मी इथं, म्हणजे मिनार कुणाच्या डोक्यातून उगवत नाही. "आधी पाय, मग तोंड," हे त्यांचं वाक्य. पाय कुठं ठेवायचे ते ठरल्याशिवाय ते कुणाच्या तोंडाकडं बघतसुद्धा नसत. मला बघायला आले तेव्हाही त्यांनी खाली मान घालून माझ्या पायांकडंच पाहिलं होतं. आमची आई म्हणाली, मुलगा लई संस्कारी आहे.

पुढं लग्नांची कामं मिळायला लागली आणि हे बेजार झाले. "माझं नाक असं का आलं?" "मावशी मागं का?" "नवरदेव इतका काळा कसा?" आल्बम झाला तरी कामं संपत नसत. लग्नानंतर सहा महिन्यांत कुठल्या तरी जावयाचं भांडण व्हायचं आणि लोक आल्बम घेऊन यायचे, ह्याला काढा. कुणाचे वडील लग्नाआधी वारलेले असायचे, त्यांना पहिल्या रांगेत बसवा. माणूस काढायचा, माणूस घालायचा, हा आमच्या धंद्यातला रोजचा स्वयंपाक. शिवम तर असा तयार झाला आहे की मागच्या मंडपाची झालरसुद्धा जशीच्या तशी विणून देतो. इथं कुणी मेहुणा उभा होता हे ब्रह्मदेवाला कळणार नाही.

ह्यांची इच्छा मात्र एकच होती आणि ती ते वर्षातून एकदा तरी बोलून दाखवायचे. "एकदा तरी कुणीतरी माझा फोटो बघावा, अन् त्यात स्वतःचं तोंड हुडकू नये."

मी म्हणायचे, "मग म्हशींचेच काढा."

नानासाहेबांची यात्रा कंपनी आहे. मुहूर्त विरळ झाले की त्यांची बस चारधामला निघते. त्यांना एक फोटोवाला लागायचा, प्रत्येक देवळापुढं सगळ्या यात्रेकरूंचा ग्रुप फोटो काढायला. हे जायचे. आणि आचाऱ्याच्या हाताखाली चपात्या लाटायला एक बाई लागायची, म्हणून मी. चपात्या लाटत मी चारही धाम केले. पुण्य कुणाला लागलं, मला की कणकेला, ते चित्रगुप्त बघेल.

गंगोत्रीला बस दोन-तीन मुक्काम करायची. म्हातारी माणसं गुडघ्यांना तेल लावत बसायची. तिथून वर गोमुख, जिथं गंगा बर्फातून बाहेर येते. चालत जायचं, वाटेत मुक्काम करून परत यायचं. नानासाहेब स्वतः कधी गेले नाहीत. म्हणायचे, "वहिनी, गंगोत्रीला मंदिर आहे, पाणी आहे, गरम चहा आहे. पुढं कशाला मरायला जायचं?" पण मला यात्रेनंतरच्या मावंद्यासाठी गंगेचा गडू मुखाशीच भरून आणायचा होता. आणि ह्यांना लग्नाची माणसं नसलेली जागा बघायची होती. म्हणून गेलो. पहिल्यांदा गेलो तेव्हा शिवम सातवीत होता आणि कॅमेऱ्यात रोल असायचा.

माझ्या मनातलं गोमुख म्हणजे संगमरवराचा डोंगर, त्याला गाईचं तोंड, त्यातून दुधासारखी धार. वर जाऊन बघते तर काय, आमच्या गल्लीत पाइपलाइन टाकताना खोदून ठेवतात तसला सगळा राडा. माती, दगड, चिखल. त्यामागं बर्फाची एक भलीमोठी भिंत, तीही मळकी. चिरा पडलेल्या ठिकाणी तेवढी आतून निळी. मधूनच वरून दगड सुटायचा आणि धडाड करून पाण्यात पडायचा. मला क्षणभर वाटलं, वाट चुकलो. मग वाटलं, आई कामात असते तेव्हा तिचंही लुगडं मळलेलंच असतं. हात जोडले आणि वाकून गडू भरला. पाणी इतकं गार की बोटं माझी आहेत की दुसऱ्या बाईची, कळेना.

हे मात्र खाली बसले होते. बराच वेळ नुसते भिंतीकडं बघत. मग मला म्हणाले, "हितं कुणीच नाय." असं म्हणाले, जसं दुसरा माणूस म्हणेल की इथं देव आहे.

मग सुटले ते सुटलेच. वर चढून काढ, पालथं पडून काढ. रोल संपत आला तशी मी दिसले. "चल, तुझा एक काढतो. घरी पावती लागंल, नाय तर भावजया म्हणतील गंगोत्रीच्या नळावरच गडू भरला."

झाला दौलताबादचा धडा सुरू. पाटासारखा सपाट एक मोठा दगड होता, त्यावर मला उभं केलं. उजवा पाय त्याच्या कोपऱ्याला. स्वतः समोरच्या उंचवट्यावर, दोन शिळांच्या फटीत पाठ टेकवून. वरची शिखरं त्यांनी मुद्दाम कापली. एक तर ती प्रत्येक कॅलेंडरवर असतात आणि दुसरं म्हणजे माझ्या डोक्यातून शिखर उगवलं असतं तर गाव हसलं असतं. तर मी, हातात गडू, अंगात कंपनीचा भगवा स्वेटर, पातळाखाली शिवमचे शाळेचे बूट. मागं भिंत. हा पहिला पावतीचा फोटो.

त्यानंतर आणखी चारदा वर गेलो, तेव्हाही असंच. आधी ह्यांचे कलेचे फोटो, दरवेळी नव्या जागेवरून. आणि निघताना, गडू भरला की, माझा पावतीचा. तोच दगड, तोच कोपरा, तोच स्वेटर. हे फटीत पाठ टेकून ओरडणार, "आधी पाय!" मधल्या काळात रोल गेले, मोबाइल आले, लोकांना भिंतीच्या फार जवळ जाऊ देईनात, माझे गुडघे गेले. दगड तेवढा जागेवर राहिला.

ही गोष्ट इथंच संपायची. पण मागच्या वर्षी मृण्मयीताई आल्या.

मृण्मयी म्हणजे इथल्या एका कॉलेजात चित्रकला शिकवते ती. तिचं लग्न ह्यांनीच काढलेलं. आल्बमची पानं चिकटली म्हणून आली होती. ह्यांनी स्टुडिओत पडद्याच्या मागं, जिथं गिऱ्हाईक केस विंचरतं तिथं, बर्फाचा एक फोटो लावलेला. ती केस विंचरायचं सोडून तिथंच उभी. "काका, हे कुठलं? तुम्ही काढलेलं?"

ह्यांना इतकं बोलताना मी आमच्या लग्नातही ऐकलं नव्हतं. तिनं कॉम्प्युटरवर सगळे फोटो बघितले. ती आणि तिचे मित्र दरवर्षी शहरातल्या फोटोवाल्यांचं प्रदर्शन भरवतात. म्हणाली, "काका, एक अख्खी भिंत तुम्हाला देते. डोंगरदऱ्यांचे सुंदर फोटो खूप जण काढतात. पण बर्फ बदलतोय, तो असा वर्षानुवर्षं बघत राहणं, हीसुद्धा कला आहे."

भिंत म्हणजे काय ते ह्यांना बरोबर कळलं. भिंतीवरच्या फोटोत कुणी आपलं नाक हुडकत नाही. त्या दिवशी ह्यांनी दाढी दोनदा केली.

पण निवडायला बसल्यावर ताई ह्यांचे कलेचे फोटो बघत गेली, छान म्हणत गेली आणि पुढं सरकत गेली. थांबली ती माझ्यावर. एक पावती, दुसरी पावती, तिसरी. तिनं ते पाच फोटो एका ओळीत लावले आणि खुर्ची मागं सरकवली.

"काकू, ह्या तुम्ही?"

"नाय नाय, ते असंच, घरच्यासाठी."

"हेच पाच लावायचे. मोठे. ओळीनं."

मी ओळीकडं बघितलं आणि पदर पोटावरून ओढून घेतला. ओळीत लावल्यावर सगळं उघडं पडतं हो! पहिल्या फोटोत भिंत माझ्या खांद्याला टेकलेली, मी काडीसारखी, स्वेटरची बटणं लागलेली. दुसऱ्यात भिंत थोडी मागं, मी थोडी पुढं. तिसऱ्यात खालचं बटण नाही. शेवटच्यात बर्फ कुठं तरी लांब, राखेच्या रेघेएवढं. आणि मी दगडभर. स्वेटर दोन्ही बाजूंना पडद्यासारखा ओढलेला. बर्फ दरवेळी आटत गेलं होतं आणि मी दरवेळी साठत गेले होते. उद्या आमच्या भजनी मंडळातल्या द्वारकाबाईनं हे बघितलं तर ती काय म्हणेल ते मला तिच्या आवाजात ऐकू आलं. गीताबाई, बर्फ तूच खाल्लास की गं!

ताई गेल्यावर मी म्हटलं, "मी नाय लागणार भिंतीला."

मला वाटलं, हे समजूत घालतील. हे माझ्याहून जास्त उदास होऊन बसलेले. "चाळीस वर्षं माणसं काढली. माणसं टाळायला इतक्या उंचावर गेलो. अन् तिथंबी लोकांना काय आवडलं? बायको!"

"माझी काय हौस होती का? तुम्हीच म्हणायचा आधी पाय!"

दोघांचं दुःख वेगळं होतं, पण औषध एक निघालं. ते आमच्या घरातच होतं. शिवमला हाक मारली. तो हसत हसत बसला. "आई, आजवर जावई काढले, मेहुणे काढले. आई पहिल्यांदाच काढतोय."

खरं सांगते, बघताना मला बरं वाटलं. त्यानं आधी गडू काढला, मग मला काढलं, मग माझी सावली. माझ्यामागं दगड कसे असतील ते आजूबाजूच्या दगडांवरून भरलं. कॉम्प्युटरच्या एका बटणात जेवढं वजन गेलं तेवढं नवरात्राच्या नऊ उपासांत कधी गेलं नव्हतं. हे मागं उभे राहून बघत होते. म्हणाले, "आता कसं, मोकळं वाटतंय." ताई सासरच्या कार्याला पुण्याला गेलेली. मोठे प्रिंट काढून, फ्रेम करून आम्ही थेट हॉलवर नेले.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी दुपारी फोटो टांगायचे होते. मी डब्यात शंकरपाळे घेतले होते, टांगणाऱ्यांना. ह्यांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला. शिवमनं पाच फ्रेमा ओळीनं लावल्या. पाट्या अजून आल्या नव्हत्या. आम्ही दोघं लांब जाऊन उभे राहिलो, आल्बम द्यायला गेल्यावर नवरीकडच्यांच्या तोंडाकडं बघत उभे राहतो तसे.

पहिले आले नानासाहेब. शंकरपाळ्याचा वास त्यांना लांबून येतो. मूठ भरून फोटोंपुढं उभे राहिले. पहिला बघितला, दुसरा बघितला, शेवटपर्यंत चालत गेले आणि मान डोलावली. "वा साहेबराव! खदानीचं काम जोरात चाललंय की. बघता बघता अख्खा डोंगर उकरला. कुठली ही, दौलताबादच्या रस्त्याची का?"

मी म्हटलं, "नानासाहेब, गोमुख आहे ते."

"हॅ! वहिनी, मी दरवर्षी माणसं नेतो तिकडं."

नानासाहेबांचं सोडा म्हटलं, ते गंगोत्रीच्या चहापर्यंतच गेलेले. पण पलीकडं व्यंकटराव आपले पक्ष्यांचे फोटो लावत होते. निवृत्त इंजिनिअर, भला माणूस, स्वतः गोमुखाला जाऊन आलेला. ते आले, चष्मा वर केला. "कुठल्या धरणाचं काम हो हे? भराव खचलेला दिसतोय."

ह्यांनी सांगायला सुरुवात केली. हा बर्फ आहे, ही भिंत लई उंच आहे, दोन मजल्यांच्या वर, ही मागं गेली, हा दगड आहे ना, हा मोठा आहे, खूप मोठा. हात पसरून दाखवत होते. व्यंकटराव सभ्यपणानं "असं का, असं का" करत राहिले. "वाटत नाही हो, पण," म्हणाले आणि आपल्या पक्ष्यांकडं गेले.

आणि खरंच वाटत नव्हतं. मी पुन्हा बघितलं. माझा पाटासारखा दगड आता खडीएवढा दिसत होता. भिंत म्हणजे बांधावरची ढेकळं. ती जवळ आहे की लांब, उंच आहे की बुटकी, काही थांग लागेना. पाचही फोटोंत नुसती खडी, थोडी इकडं, थोडी तिकडं.

हे एकेका फ्रेमपुढं जाऊन आले. मग माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "यात कुणीच नाय."

जवळजवळ तेच शब्द, जे त्यांनी पहिल्यांदा गोमुखाशी बसून म्हटले होते. पण हे तोंड मी ओळखते. आल्बम परत आला की असं तोंड होतं.

तेवढ्यात मृण्मयी पोचली, खांद्यावर प्रवासाची पिशवी तशीच. ओळीपुढं उभी राहिली. "काकू कुठं गेल्या?"

"ही काय मी, तुझ्यामागंच आहे."

"नाही. फोटोतल्या."

मी शंकरपाळ्याचा डबा पुढं केला. तिनं घेतला नाही, पण रागावलीही नाही. मुलांची चित्रं तपासून तिला सवय असणार. म्हणाली, "काका, खूप सफाईनं केलंय. इतकं, की बघायला काही उरलंच नाही."

ह्यांनी मान खाली घातली. पायांकडं बघत म्हणाले, "ताई, काढून टाका. भिंत त्या पक्ष्यांवाल्यांना द्या. मला माणसाशिवाय फोटो काढायचा होता. काढला. कुणाला दिसला नाय." आणि ते स्टूल ओढून स्वतःच पहिली फ्रेम हुकातून काढायला लागले.

माणूस रडला तर समजूत घालता येते. हे तर शर्टाची घडी न मोडता, गिऱ्हाइकाचं सामान आवरावं तसं स्वतःचं आवरत होते. म्हशींचेच काढा, असं मी ज्याला वर्षानुवर्षं म्हटलं तो माणूस हा. मला माझ्या बटणांची लाज वाटत होती. आता त्या लाजेची लाज वाटायला लागली.

मी म्हटलं, "ठेवा ती. शिवम, गाडी काढ."

"कुठं?"

"मला परत बसवायला."

स्टुडिओत आलो तेव्हा ऊन अजून दारात होतं. शिवमनं जुने फोटो उघडले. ह्या खेपेला मी स्वतःकडं बघायचं टाळून माझ्या मागं बघितलं, आणि मला एकदम सगळं दिसलं. पहिल्या फोटोत भिंत माझ्यासारख्या कितीतरी बायका एकीवर एक उभ्या कराव्यात एवढी उंच. पाणी माझ्या पायाशी. वाकले की गडू भरत होता. शेवटच्यात गडू धरलेला हात तोच, पण पाणी दगडाच्या पार पलीकडं, बारीक. त्या खेपेला मला खाली उतरवलंच नव्हतं. गडू ह्यांनी भरून आणला होता. मला वाटायचं माझे गुडघे गेले म्हणून गंगामाई लांब वाटते. माई खरंच लांब गेली होती.

मी मनातल्या मनात हात जोडले. हातात शंकरपाळ्याचा डबा होता, नाहीतर खरेच जोडले असते.

शिवमनं मला एकेका दगडावर परत उभं केलं. शेवटच्या फोटोशी थांबला आणि मागं वळून हळूच म्हणाला, "आई, परत बसवतोच आहे तर थोडी बारीक करू का? कुणाला कळणार नाय. नवऱ्या रोज करून घेतात."

आता मी काही संत नाही. मी म्हटलं, "थोडीशीच."

त्यानं बाण नेला, कंबर धरली, आत ढकलली. फार सुंदर दिसले हो मी! स्वेटरची बटणं लागतील अशी. मी म्हणणार होते बास, एवढंच ठेव. पण मागून ह्यांचा आवाज आला. "नाय."

"पप्पा, तिची इच्छा आहे."

"नाय म्हणलं ना. ती जेवढी हाय तेवढीच पायजे. ते माप हाय. तिला कमी केली तर मागचं सगळं खोटं व्हतं."

माझं लग्न होऊन इतकी वर्षं झाली. माझ्या रूपाविषयी ह्यांनी काढलेले हे पहिले चांगले उद्गार, आणि त्यात मला माप म्हटलं होतं. पायली असते, शेर असतो, तशी मी. पण त्यांचा आवाज असा होता की मी शिवमच्या हातावर चापट मारली. "सोड कंबर. राहू दे होती तिथं."

संध्याकाळी प्रिंट झाले, सकाळी फ्रेमा बदलल्या. मृण्मयीनं पाट्यांवर फक्त गोमुख आणि सालं लिहिली.

उद्घाटनाला भजनी मंडळ झाडून आलं होतं. द्वारकाबाई पहिल्या फोटोपासून शेवटच्या फोटोपर्यंत सावकाश चालली आणि माझ्याकडं वळून मोठ्यानं म्हणाली, "अगं बया! स्वेटर एकच का गं तुझ्याकडं?"

"एकच. पण तो बघ ना किती कामाला आला."

नानासाहेब फोटोंपुढं आले तेव्हा हातात शंकरपाळे नव्हते. काल ह्या फोटोंना खदान म्हणाले होते हे त्यांना आठवलं असावं. शेवटच्या फ्रेमकडं बोट करून कुणाला तरी सांगत होते, "आमच्या कंपनीचा स्वेटर." पहिल्या फ्रेमकडं परत गेले. मग पुन्हा शेवटच्या.

हे कोपऱ्यात उभे. आज समजावून सांगत नव्हते. लोक यायचे, आधी मला बघून हसायचे, पहिली आणि पाचवी मी अशी बोटानं जुळवायचे. आणि मग बोट आपोआप माझ्यावरून सरकून मागं जायचं. तिथं गेलं की थांबायचं.

एक गृहस्थ होते, आमच्या ओळखीचे नव्हते. खूप वेळ उभे राहिले. ह्यांच्याकडं आले आणि विचारलं, "तुम्ही काढलेत का हे? ह्या बाईंच्या मागचं बर्फ कुठं गेलं हो?"

चाळीस वर्षं माझं नाक असं का आलं, ह्या प्रश्नाचं उत्तर ह्यांना तोंडपाठ होतं. हा प्रश्न त्यांना कधी कुणी विचारला नव्हता. त्यांनी वळून माझ्याकडं बघितलं. ते गृहस्थही माझ्याकडं बघायला लागले. मग मंडळातल्या बायकाही.

मी म्हटलं, "माझ्याकडं नका बघू. मी नाय खाल्लं."

सगळे हसले. द्वारकाबाई तर डोळे पुसायला लागली. आणि हसता हसता, कुणी सांगितलं नव्हतं, तरी एकेक जण पुन्हा फोटोंकडं वळला. हसू थांबलं. ते गृहस्थ अजून शेवटच्या फोटोतल्या त्या राखेच्या रेघेकडं बघत होते आणि त्यात त्यांचं तोंड कुठंच नव्हतं.

हे माझ्याशेजारी येऊन उभे राहिले. खाली माझ्या पायांकडं बघत म्हणाले, "औंदा गुडघे कसे हायेत?"